स्वीट पीचं बी पाण्याला दाद का देत नाही?

मटकी रात्रभर भिजवली तरी सकाळी तिच्यात चार-दोन दाणे जसेच्या तसे टणक सापडतात. गणंग. बिरड्यासाठी वाल सोलायला घेतले की ते हाताला लगेच कळतात आणि निवडायचे राहिले तर दाताला कळतात. असा दाणा मेलेला असतो अशी सर्रास समजूत आहे. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा जिवंत असतो. त्याच्या आत पाणी शिरलेलंच नसतं.

स्वीट पी ही सुवासिक फुलांची वेलही याच डाळवर्गीय कुळातली. दर हिवाळ्यात मुंबईतले हौशी लोक तिचं पाकीट आणतात आणि ग्रिलमधल्या कुंड्यांत बिया टोचतात. काही उगवतात, बऱ्याच उगवत नाहीत. मग निष्कर्ष ठरलेले: बी जुनं होतं, दुकानदाराने फसवलं, समुद्राकाठच्या हवेत हे फूल येतच नाही, नाहीतर ‘माझ्या हाताला गुण नाही’. यातला शेवटचा निष्कर्ष मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण त्यानंतर माणूस बी पेरणंच सोडून देतो. हाताच्या गुणाचा इथे काही संबंध नाही. जे काही आहे ते बियांच्या सालीत आहे.

ही वेल मूळची सिसिली आणि दक्षिण इटलीची. फ्रान्चेस्को कुपानी या सिसिलीतल्या धर्मोपदेशकाने 1699 मध्ये तिच्या बिया इंग्लंडला पाठवल्या आणि तिथून पुढे शेकडो वाण तयार झाले. सिसिलीत पाऊस पडतो तो मुख्यतः शरद ऋतूत आणि हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. बी तयार होऊन जमिनीवर पडतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. अशा वेळी एखादी चुकार सर आली आणि सगळ्या बिया एकदम रुजल्या, तर पुढच्या पंधरवड्यात एकही रोप शिल्लक राहणार नाही. म्हणून काही बिया लगेच रुजायला तयार असतात, तर काही महिनोन्‌महिने किंवा वर्षभर थांबतात. एकाच शेंगेतल्या दोन बियासुद्धा याबाबत वेगळ्या निघू शकतात.

बी थांबतं ते नेमकं कसं? बीजावरणात उभ्या, जाड भिंतींच्या पेशींचा एक थर असतो. डबीत पेन्सिली उभ्या ठासून भराव्यात तशा या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्यांच्यावर मेणासारख्या, पाणी न धरणाऱ्या पदार्थांचा लेप असतो. बी पुरेसं वाळलं की या थरातून पाण्याचा रेणू आत जात नाही. पण मग प्रश्न असा, की ज्या सालीतून पाणी आत येत नाही तिच्यातून ते बाहेर तरी कसं गेलं? बी वाळलं कुठून?

याचं उत्तर बीच्या नाभीत आहे. शेंगेला बी जिथे जोडलेलं असतं तिथे एक लांबट व्रण राहतो, ती नाभी. वाटाण्यावरही ती डोळ्यांनी दिसते. तिच्या मधोमध एक बारीक चीर असते आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना पेशींचे दोन थर एकावर एक असतात. यातला बाहेरचा थर हवेतला ओलावा पटकन शोषतो आणि तितक्याच पटकन सोडतो. हवा कोरडी झाली की तो आकसतो, चीर उघडते आणि आतली वाफ बाहेर पडते. हवा दमट झाली की तो फुगतो आणि चीर मिटते. म्हणजे ही एकाच दिशेने चालणारी झडप झाली. ओलावा बाहेर जाऊ शकतो, आत येऊ शकत नाही. हाइड या संशोधकाने 1954 मध्ये क्लोव्हर आणि ल्युपिनच्या बियांवर हे दाखवून दिलं. दोन्ही याच कुळातल्या. याचा एक विलक्षण परिणाम होतो. असं बी आयुष्यात जितकी कोरडी हवा अनुभवतं, जवळजवळ तितकंच ते आतून कोरडं होतं आणि नंतर कितीही पाऊस झाला तरी साल झिजून उघडेपर्यंत तसंच राहतं. ना मेंदू, ना मज्जातंतू, पण सगळ्यात कोरड्या दिवसाची नोंद पेशींच्या फुगण्या-आकसण्यातून कायम राहते! मला वनस्पतिशास्त्रात याच्याइतकी देखणी यंत्रणा क्वचितच दिसली आहे.

आता ही झडप मुंबईत आणा. जुलैची हवा, कपाटात अर्धवट उघडं पाकीट. ज्या बियांची साल पूर्ण बंद झाली आहे त्या आतून कोरड्या राहतात. ज्यांची साल पाणी आत घेते त्या हवेतला ओलावा पितात. ओलाव्यात श्वसन वाढतं, पेशींची पटलं खराब होतात, बी लवकर म्हातारं होतं. म्हणजे पावसाळा सहज रुजणाऱ्या बियांना आधी मारतो आणि हट्टी बिया मागे ठेवतो. नोव्हेंबरमध्ये त्याच पेरल्या जातात आणि रुजत नाहीत.

उपाय नेलकटर. नाभीच्या बरोबर विरुद्ध बाजूला सालीचा अगदी बारीक टवका काढायचा, आतला फिकट भाग दिसेल इतकाच. विरुद्ध बाजूला अशासाठी, की मूलांकुराचं टोक नाभीजवळ असतं आणि ते दुखावलं तर सगळंच संपलं. पॉलिश पेपरवर घासलं तरी चालतं. मग एक रात्र पाण्यात ठेवायचं. कोरड्या बीतली प्रथिनं आणि पिष्ट पाणी इतक्या जोराने ओढतात, की सकाळी बी फुगून जवळजवळ दुप्पट झालेलं दिसतं.

पण सगळ्याच बियांना टवका काढू नये. पांढऱ्या आणि फिकट फुलांच्या बऱ्याच वाणांच्या बिया फिक्या रंगाच्या असतात, त्यांची साल मुळात पातळ. कोरड्या बीतल्या पेशीपटलांची स्निग्ध रेणूंची रचना विस्कळीत झालेली असते. पाणी हळूहळू आलं तर ती पुन्हा जुळते. पाणी एकदम घुसलं तर जुळण्याआधीच पटलातून साखर आणि क्षार बाहेर झिरपतात, त्यावर बुरशी ताव मारते आणि बी कुजतं. अशा बिया न भिजवता थेट ओलसर मातीत टाकाव्यात. गडद बिया आधी नुसत्या भिजवाव्यात, फुगतील त्या पेराव्यात आणि उरलेल्यांनाच नेलकटर लावावं.

अमावस्येला पेरू नये, पाळीच्या दिवसांत बाईने बियांना हात लावू नये, हे मात्र अजून शिकल्या-सवरलेल्या घरांतही ऐकू येतं. पेशींच्या भिंतीला तिथी कळत नाही आणि कुणाची पाळीही कळत नाही. बायकांना कुंडीपासून दूर ठेवणारी ही समजूत निव्वळ अन्याय आहे. ‘उगवण शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवरही पैसे घालवू नका. साल बंद असेल तर ते द्रव्यही बाहेरच राहणार.

पेरायला नोव्हेंबरचा शेवट बरा, रात्री जरा गार होऊ लागल्यावर. कुंडी खोल हवी, मूळ सरळ खाली जातं. आणि वाण लवकर फुलणारा निवडा. ही वेल दिवसाची लांबी मोजते. डिसेंबरात मुंबईचा दिवस सुमारे 11 तासांचा असतो आणि उशिरा फुलणाऱ्या वाणांना कळी धरायला 12 तासांच्या पुढचा दिवस लागतो. तो येतो मार्चच्या उत्तरार्धात आणि तोवर उन्हाने कळ्या गळायला लागतात. पाकिटावरचा फोटो कितीही मोहक असला तरी ‘लवकर फुलणारा’ असं लिहिलेलं नसेल तर ते पाकीट परत ठेवा.

शेंगा वाटाण्यासारख्या दिसतात. घरात लहान मुलं असतील तर त्यांना नीट सांगून ठेवा, की हे खायचं नाही. या बियांत बीटा-अमायनोप्रोपिओनायट्राइल नावाचं द्रव्य असतं. शरीरातल्या कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांत बांधणारं विकर (एन्झाइम) ते बंद पाडतं आणि हाडं कमकुवत होतात. विदर्भातली लाखोळी (खेसारी) डाळ ही हिचीच बहीण, पण तिच्यातलं विष निराळं. ते हाडांऐवजी मज्जासंस्थेवर घाला घालतं.

पुढच्या वर्षासाठी बी धरायचं असेल तर शेंगा तपकिरी झाल्या की त्या पिळवटून फुटण्याआधी काढा, सावलीत वाळवा आणि सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. जितकं कोरडं ठेवाल तितकं बी टिकेल आणि तितकीच त्याची साल घट्ट मिटेल, तेव्हा पुढच्या नोव्हेंबरात नेलकटर लागेलच.