कणकुंबीच्या झाडीत फोन उपग्रह कसा हुडकतो

बेळगावहून गोव्याकडे जाताना जांबोटी सोडून चोर्ला घाटाच्या वाटेला लागलं की पावसाळ्यात फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका अडखळतो. दोष पावसाला देतात. खरं तर १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या लहरींना थेंबांचा अडथळा जवळपास होतच नाही. अडवतात ती निथळणारी पानं. आधीच सुमारे २०,२०० किलोमीटरवरून आलेला जीपीएसचा सिग्नल उघड्या आभाळाखालीसुद्धा रिसीव्हरमधल्या गोंगाटापेक्षा शंभरेक पट क्षीण असतो.

तो सापडतो कोडमुळे. प्रत्येक उपग्रहाचा १,०२३ चिपचा (चिप म्हणजे कोडचा सगळ्यात छोटा तुकडा) ठरलेला कोड दर मिलिसेकंदाला पुन्हा येतो. रिसीव्हर तसाच कोड स्वतः तयार करतो आणि सिग्नलवर सरकवत पाहतो. नेमका बसला की बेरीज चढते, गोंगाट आपापसात कटतो. पण कोडची सुरुवात कुठे, हे ठाऊक नसतं: अर्ध्या चिपच्या पावलानं २,०४६ जागा. वारंवारताही सरकलेली असते, थोडी उपग्रहाच्या वेगानं, थोडी फोनमधल्या क्रिस्टलमुळे. क्रिस्टल दहा लाखांत एक भाग चुकला तरी १,५७५ हर्ट्झचा फरक पडतो. दोन्ही बाजूंना १० किलोहर्ट्झ, ५०० हर्ट्झच्या पायरीनं, म्हणजे ४१ घरं. एकूण ८३,८८६ तपासण्या. प्रत्येकीला १ मिलिसेकंद धरला तर एका उपग्रहामागे ८४ सेकंद. (नाविक या भारतीय दिशादर्शन यंत्रणेचे भूस्थिर उपग्रह जवळजवळ जागेवरच दिसतात, त्यामुळे तिथं घरं कमी लागतात, क्रिस्टलची चूक मात्र सुटत नाही.)

फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म, म्हणजे सिग्नल त्यातल्या वारंवारतांत झटपट फोडण्याची गणिती रीत, हा पसारा आवरते. एका मिलिसेकंदाचे २,०४८ नमुने घेऊन सगळ्या जागा एकेक करून पाहिल्या तर जवळपास ४२ लाख गुणाकार होतात. त्याऐवजी नमुन्यांचं असं रूपांतर करायचं, कोडचं आधीच साठवलेलं रूपांतर संयुग्मी करून (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटवून) त्याला गुणायचं आणि उलट रूपांतर घ्यायचं. सगळ्या जागांची उत्तरं २४,५७६ गुणाकारांत एकदम हाती येतात. शिवाय १ किलोहर्ट्झ पुढचं घर पाहायला नमुन्यांचं रूपांतर पुन्हा करावं लागत नाही. आहे तेच एक खाना सरकवलं की झालं. नमुने एकाच बिटात साठवले तर सिग्नलची ताकद सुमारे २ डेसिबल गमावतो, दोन बिटांत अर्धा डेसिबल. दुसरा बिट घेणंच शहाणपणाचं.

झाडीत १ मिलिसेकंद पुरत नाही. १० मिलिसेकंद सलग बेरीज करायची तर पायरी ५० हर्ट्झवर येते, घरं दसपट, प्रत्येक घराला वेळ दसपट, काम शंभरपट. त्यात उपग्रहाचा संदेश २० मिलिसेकंदांना चिन्ह उलटवू शकतो. बेरजेच्या मधोमध उलटला तर जमलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून लागोपाठचे १० मिलिसेकंदांचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतात. दोहोंपैकी एक तरी उलटण्यातून वाचतोच.

एकदा पकडलेला सिग्नल धरून ठेवायला बराच कमी जोर लागतो. ठिकाण काढायला लागणारी उपग्रहाच्या कक्षेची माहिती मात्र १८ सेकंद सलग वाचावी लागते, ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते आणि साधारण चार तास चालते. मोबाईल डेटा असेल तर ती नेटवर्कवरून मिळते. घाटात रेंजचा भरवसा नाही. तेव्हा जांबोटीतच मोकळ्यावर मिनिटभर नकाशा चालू ठेवा आणि झाडी संपेपर्यंत तो बंद करू नका.