पुस्तक आणि ध्वनिमुद्रण: परकी भाषा शिकण्याच्या एका पद्धतीची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शाळांत आधुनिक भाषाही लॅटिनच्याच धर्तीवर, म्हणजे व्याकरणाचे नियम पाठ करून आणि सुट्या वाक्यांचे भाषांतर करून, शिकवल्या जात. १८८२ मध्ये विल्हेल्म फिएटोर या जर्मन अभ्यासकाने या रीतीवर कडाडून टीका केली. पुढे १८८६ मध्ये पॅरिसला पॉल पासी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या शिक्षकांच्या संघटनेतून उच्चार लिहून दाखवणारी आंतरराष्ट्रीय लिपी घडली. मात्र जो ध्वनी कधी कानावरच पडलेला नाही, तो चिन्हावरून नेमका काढणे अवघडच होते.

आवाज मुद्रित करून पुन्हा ऐकवणाऱ्या एडिसन यांच्या फोनोग्राफमुळे (१८७७) ही अडचण सुटण्याची शक्यता निर्माण झाली. अमेरिकेतील स्क्रँटन येथील पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या संस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभी पुस्तकासोबत मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केलेले धडे पाठवले. विद्यार्थ्याने आपली उत्तरे कोऱ्या नळकांड्यावर बोलून टपालाने परत करायची आणि शिक्षकांनी त्याचे उच्चार तपासायचे, अशी ती व्यवस्था होती. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या, त्या केवळ ऐकण्यापुरत्या; विद्यार्थ्याला त्यांवर स्वतःचा आवाज मुद्रित करता येत नसे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत मोठे नुकसान होय. १९२९ मध्ये अल्फोन्स शेरेल यांनी फ्रान्समध्ये सुरू केलेल्या असिमिल पद्धतीत रोज एक छोटा संवाद आधी नुसता समजून घ्यायचा आणि बरेच धडे झाल्यावर मागे वळून तोच स्वतः रचायचा, असा क्रम रूढ झाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने भाषाप्रशिक्षण हाती घेतले आणि त्यानंतर हेडफोन लावून एकाच साच्यातील वाक्ये घोकून घेणाऱ्या भाषा-प्रयोगशाळांचे पेव फुटले. अर्थाशी फारकत घेतलेल्या या घोकंपट्टीमागील वर्तनवादी विचारावर, म्हणजे भाषा ही सरावाने जडणारी सवय आहे या समजुतीवर, १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी कठोर टीका केली.

फिलिप्सची कॅसेट आली १९६३ मध्ये. तबकडीवर नेमक्या वाक्यावर सुई टेकवणे जिकिरीचे होते. कॅसेट मात्र थांबवून, मागे घेऊन तेच वाक्य हवे तितक्या वेळा ऐकता येई. नुसते पुन्हापुन्हा ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे, हा मुद्दा भाषाशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक पॉल पिम्सलर यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या वेळापत्रकात स्पष्ट होतो: नवा शब्द ५ सेकंदांनी, मग २५ सेकंदांनी, २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, अशा वाढत्या अंतराने आठवायला लावायचा. त्यांच्या अभ्यासक्रमांत पुस्तकाला मात्र फारसे स्थान उरले नाही, त्यामुळे ज्याला वाचन-लेखनही हवे आहे, त्याला मुद्रित पाठाची जोड द्यावीच लागते.