कुरळे केस की स्वेटर?

परवा मावशीचा फोन. "अगं, बारा भाग झाले, त्या मुलीची मुकी आई अजून कशी आली नाही?" मी विचारलं, हीरोचे केस कसे आहेत? "कुरळे." मग कुठून येणार ती! मावशी बघत होती 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' ही कोरियन मालिका, आणि मुकी आई आहे 'द एअर्स' या दुसऱ्याच कोरियन मालिकेत.

तिची तरी काय चूक? दोन्हीकडे हीरो ली मिन-हो, दोन्हीकडे तो बड्या उद्योगसमूहाचा वारस. श्रीमंतांची शाळा, तिथे येऊन पडलेली गरिबाघरची पोर, तिला छळणारी मुलं, आडवे येणारे पालक, सगळं तेच. पहिली मालिका २००९ ची, केबीएस २ वाहिनीवरची, २५ भागांची आणि जपानी मांगावर, म्हणजे कॉमिकवर, बेतलेली. दुसरी २०१३ ची, एसबीएसवरची, २० भागांची. कुरळे केस आणि लॉकरमध्ये लाल कार्ड (ते ज्याला मिळेल त्याला सगळ्या शाळेने छळायचं) दिसलं की तो गु जून-प्यो. कॅलिफोर्निया आणि एकाहून एक स्वेटर दिसले की किम तान.

पण खरा फरक नायिकेत आहे. गुम जान-दी लाँड्रीवाल्याची मुलगी. कपडे पोचवायला शाळेत जाते आणि गच्चीवरून उडी मारायला निघालेल्या मुलाला वाचवते. पुढे लाल कार्ड तिच्याच वाट्याला येतं, तेव्हा ती जून-प्योला सरळ लाथ हाणते. 'द एअर्स'मधली चा उन-सांग मात्र बराच वेळ डोळे पुसत असते आणि तिची मनगटं दोन मुलं दोन दिशांना ओढत असतात. किम तानचा गाजलेला संवाद काय, तर "मला तू आवडतेस का?" आता हे त्याने तिलाच विचारायचं!

'द एअर्स'ने जास्त निराश केलं, कारण तिच्याकडे माल होता. लेखिका किम उन-सुक, 'सीक्रेट गार्डन' मालिकेवाली. किम तानची सख्खी आई त्याच घरात राहते, पण कागदोपत्री त्याची आई म्हणजे वडिलांची लग्नाची बायको, आणि शाळेचा कारभार तिच्याच हातात. म्हणजे जन्मदातीला पोराच्या शाळेत आई म्हणून जायचीही चोरी. त्याच घरात उन-सांगची मुकी आई कामाला. मालकीणबाई, म्हणजे किम तानची सख्खी आई, वाईनचा ग्लास घेऊन तक्रारी करत बसतात, ही वहीवर चार शब्द खरडून त्यांच्यापुढे धरते, आणि बाईंचा पारा आणखी चढतो. या दोघींवर वेगळी मालिका निघाली असती! पण जरा रंग भरला की कॅमेरा पुन्हा शाळेत, पुन्हा मनगट.

'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' काही फार शहाणी नाही. शेवटाकडे हीरोची स्मृती जाते, आणि जाते ती नेमकी नायिकेपुरतीच! पण तिने आव कसलाच आणलेला नाही, म्हणून ते खपून जातं.

मावशीला म्हटलं, सुरू केलीच आहेस तर संपव. नंतर 'द एअर्स' लावलीस तर त्या दोघींचे सीन तेवढे नीट बघ.

"आणि बाकीचं?"

कुणी मनगट धरलं की पुढे पळव.