न चावणाऱ्या चिलटाची ओळख कशी पटवायची?

दिसायला थेट डासासारखं, पण रक्ताला तोंड न लावणारं चिलट म्हणजे कायरोनॉमिड. अंटार्क्टिकापासून उष्ण कटिबंधातल्या डबक्यांपर्यंत हे कुल पसरलेलं आहे आणि त्यातल्या नावं मिळालेल्या प्रजातीच सात हजारांच्या आसपास आहेत. माशांचं खाद्य म्हणून ‘ब्लडवर्म’ या नावाने विकले जाणारे लाल किडे या कुलातल्या काही प्रजातींच्या अळ्या असतात. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्या बळावर त्या प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तग धरतात.

कुठल्या पाण्यात कोणती प्रजाती टिकली आणि कोणती नाहीशी झाली, यावरून त्या पाण्याची तब्येत कळते. पण त्यासाठी प्रजाती बिनचूक ओळखता आली पाहिजे, आणि ते फार कठीण आहे.

अळी ओळखायची तर तिचं डोकं वेगळं करून सूक्ष्मदर्शकाखाली हनुवटीशी असलेल्या पट्टीचे दात तपासायचे. प्रौढ नर ओळखायचा तो पोटाच्या टोकाशी असलेल्या जननांगांवरून. मादीत अशी ठळक खूण बहुतेकदा सापडत नाही. त्यात नराचं वर्णन एकाने केलेलं, अळीचं दुसऱ्याने. मग दोन्ही एकाच प्रजातीचे हे ठरवायचं कसं? जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे एकेक अळी वेगळ्या कुपीत वाढवणं. अळीची कात, कोषाची कात आणि बाहेर आलेला कीटक असे एकाच जिवाचे तिन्ही पुरावे हाती येतात. मला यात कोषाची कात सर्वांत मोलाची वाटते. कीटक उडून गेल्यावर ती पाण्यावर तरंगत राहते, पाठीवरच्या काट्यांच्या रांगा तिच्यावर शाबूत असतात आणि ती गोळा करताना एकही जीव मारावा लागत नाही.

एवढं करूनही काही प्रजाती फसवतात. उत्तर अमेरिकेत गाळातली विषारी द्रव्यं तपासण्यासाठी कायरोनॉमस टेंटन्स या नावाने वर्षानुवर्षं अळ्या वापरल्या जात होत्या. टेंटन्स ही मुळात युरोपातून 1805 मध्ये वर्णन झालेली प्रजाती. अमेरिकेतली अळी तिच्याहून वेगळी आहे, हे शोबानोव्ह, किक्नाद्झे आणि बटलर या शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये दाखवलं आणि तिला कायरोनॉमस डायल्युटस हे नाव मिळालं. अशा निवाड्यात गुणसूत्रं मोठा आधार देतात. या अळ्यांच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं इतकी प्रचंड असतात, की फ्रेंच शास्त्रज्ञ बाल्बियानी यांना ती 1881 मध्येच दिसली. त्यांच्यावर आडवे पट्टे असतात. पट्ट्यांचा क्रम कुठे उलटा झाला आहे ते पाहून सारख्या दिसणाऱ्या प्रजाती वेगळ्या करता येतात.

आता डीएनए बारकोडने काम सोपं केलं आहे. माइटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले सूक्ष्म भाग, त्यांच्यातल्या एका जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचला, की अळी आणि अनोळखी मादी यांची नराशी जोडी लावता येते. पण हे जनुक फक्त आईकडून येतं. टेंटन्सच्याच गटातल्या जवळच्या प्रजातींमध्ये संकरातून माइटोकॉन्ड्रिया इकडचे तिकडे गेल्याचे पुरावे आहेत. तिथे बारकोड एक सांगतो आणि गुणसूत्रं दुसरंच, म्हणून पेशीकेंद्रातली जनुकंही वाचावी लागतात. शिवाय बारकोड ज्या संग्रहाशी ताडून पाहायचा, त्यातला नमुना आधी कुणीतरी दात, काटे आणि जननांगं पाहूनच ओळखलेला असतो. तिथे चूक झाली असेल तर पुढची प्रत्येक जुळणी चुकते. त्यामुळे डीएनए काढून घेतल्यावरही अळीचं डोकं, कात आणि नराचं पोट काचपट्टीवर बसवून संग्रहालयात ठेवतात, म्हणजे शंका आली की कुणालाही पुन्हा तपासता येतं.