उंदीर ही रास नव्हे, संवत्सर आहे

चिनी नववर्ष जवळ आलं की 'तुमची चिनी रास कोणती?' असे तक्ते फिरू लागतात. त्यांचे प्राणी बारा, आपल्या राशीही बारा. आपल्याकडे मेष, वृषभ, सिंह. त्यांच्याकडे बोकड, बैल, वाघ. तेव्हा दोन्ही एकाच जातीचे वाटणं साहजिक आहे. पण 'रास' हा शब्द इथे चुकीचा आहे, आणि सगळा घोळ त्याच्यापासूनच सुरू होतो.

रास ही आकाशातली जागा. जन्माच्या वेळी चंद्र ज्या तीस अंशांच्या भागात असेल, ती आपली रास. चंद्र सव्वादोन दिवसांत रास ओलांडतो, म्हणून एकाच आठवड्यात जन्मलेल्या दोन मावसभावांच्या राशी वेगळ्या निघतात. चिनी उंदराचं तसं नाही. 25 जानेवारी 2020 ते 11 फेब्रुवारी 2021 या काळात जन्मलेली सगळी मुलं उंदराची. तो वर्षाचा शिक्का आहे. आणि हे वर्ष 1 जानेवारीला सुरू होत नाही, त्यामुळे 10 जानेवारी 2020 चं बाळ आधीच्या, म्हणजे डुकराच्या वर्षातलं. तक्त्यांत ही चूक हमखास असते.

मुळात प्राणी नंतर आले. त्याआधी बारा चिन्हं होती. शांग राजवटीच्या भविष्य विचारायच्या हाडांवर ही बारा आणि आणखी दहा चिन्हं जोडून दिवस मोजलेले आहेत. त्याला तीन हजार वर्षं झाली. हूबेई प्रांतात शुइहूदी इथल्या थडग्यात 1975 साली बांबूच्या पट्ट्या मिळाल्या, इसवी सनपूर्व 217 च्या सुमाराच्या. त्यांत चिन्हांना प्राणी जोडलेले आहेत, पण आज जिथे घोडा आहे तिथे हरीण आहे! उंदीर मात्र तेव्हाही पहिलाच. बैलाच्या पाठीवर बसून आलेल्या आणि शेवटच्या क्षणी उडी मारून प्राण्यांची शर्यत जिंकलेल्या उंदराची गोष्ट गोड आहे, पण ती क्रम ठरल्यावर सांगितली गेली असावी. रात्री 11 ते 1 हा प्रहरही उंदराचाच, म्हणजे दिवसाची मोजणीही त्याच्यापासून सुरू होते. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर आहे.

मग उंदराची आपल्याकडची जोडी कोणती? मला विचाराल तर संवत्सर. गुढीपाडव्याला पंचांग उघडून आपण ज्याचं नाव वाचतो, तेच. बारा प्राणी आणि पाच तत्त्वं (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) मिळून साठ वर्षांचं चक्र होतं. प्रभव, विभवपासून आपली संवत्सरंही साठच. 1960 हे धातूच्या उंदराचं वर्ष होतं, तेच 2020 मध्ये परत आलं. आपल्याकडे शके 1882 शार्वरी, आणि साठ वर्षांनी शके 1942 पुन्हा शार्वरी. साठीशांत करतो ती याच वळणावर; जपानमध्ये साठाव्या वर्षी लाल टोपी आणि लाल जाकीट घालून हेच साजरं करतात.

बारा वर्षांच्या मागे गुरू ग्रह आहे, त्याची एक फेरी जवळपास बारा वर्षांची. नाशिकचा सिंहस्थ त्याच हिशेबाने भरतो. चिनी लोक गुरूला 'वर्षतारा' म्हणत. पाच फेऱ्यांची साठ वर्षं होतात.

दोन्ही चक्रांचा आरंभ मात्र एकत्र नाही. चिनी चक्र 1984 ला, लाकडाच्या उंदरापासून सुरू झालं. आपला प्रभव तीन वर्षांनी, 1987 ला आला, तेव्हा तिकडे अग्नीच्या सशाचं वर्ष होतं. तिबेटने या दोन्हींची सांगड घातली. 1027 साली अग्नीच्या सशाच्या वर्षापासून त्यांनी साठ वर्षांची चक्रं मोजायला सुरुवात केली आणि त्या चक्राला 'रबजुंग' म्हटलं. 'प्रभव' शब्दाचं ते तिबेटी भाषांतर आहे.