सटवी

बाईला उद्देशून वापरली जाणारी जुनी मराठी शिवी. कजाग, दुष्ट, खाष्ट बाई असा तिचा अर्थ. पुरुषांपेक्षा बायकांच्याच तोंडी ती जास्त : सासू सुनेला, जाऊ जावेला, सवत सवतीला ‘सटवी मेली’ म्हणे. आता ती ग्रामीण बोलीत आणि जुन्या वळणाच्या संवादांत उरली आहे.

शब्द आला देवीच्या नावावरून. संस्कृत ‘षष्ठी’चे मराठीत सटी, सटवी, सटवाई झाले, हिंदीतली ‘छठी’ तीच. बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी समजूत. म्हणून पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद नि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही. ‘पाचवीला पुजलेले’ हा वाक्प्रचार याच रात्रीचा.

पण लिहिणारी देवी बाळ नेतेही, अशी धास्ती होती. ब्रह्मवैवर्तपुराणातली षष्ठी राजा प्रियव्रताचे मृत मूल जिवंत करते. काश्यपसंहिता या बालरोगांवरच्या जुन्या आयुर्वेद ग्रंथात मात्र षष्ठी हे बालकांना पछाडणाऱ्या रेवतीचेच एक नाव. भीतीला आधारही होता. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली की होणारा नवजात धनुर्वात बहुधा जन्मानंतर ३ ते १४ दिवसांत दिसतो. जागरणाच्या रात्री नेमक्या याच काळातल्या. बाळ दगावले की बोल सटवीला, आणि पुढे ज्या बाईची नजर वाईट वाटे तीही सटवी.

‘म्हसोबाला नव्हती बायको आणि सटवाईला नव्हता नवरा’ ही म्हण एकमेकांना शोभणाऱ्या विचित्र जोडीबद्दल वापरतात. तिच्यात शिवीचे दुसरे मूळ सापडते, असे वाटते. सटवाई नवऱ्याविना, गावाबाहेर शेंदूर फासलेल्या दगडात राहणारी. कोणाच्या धाकात नसलेली बाई म्हणजे सटवी, हा अर्थ तिथून फार लांब नाही. ‘आली भवानी!’, ‘महामाया’ हे टोमणेही देव्हाऱ्यातूनच आले, पण त्यांत निदान उपहास आहे. सटवीत निव्वळ राग.

तेच नाव पुरुषाला मात्र मानाचे. देवीच्या कृपेने मूल जगावे म्हणून मुलाला सटवा, सटवाजी म्हणत. जत संस्थानच्या डफळे घराण्याचा मूळपुरुष सटवाजीच होता.