रक्तगट जुळला, पण यकृत पुरेल का?

यवतमाळकडच्या गावांत यकृत प्रत्यारोपणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "रक्तगट जुळला नं, मंग आता कायची तपासनी?" नवऱ्याला आपल्या यकृताचा तुकडा द्यायला बायको पुढे येते, रक्तगट जुळतो आणि तरीही डॉक्टर नाही म्हणतात. घरच्यांना यात काहीतरी काळंबेरं वाटतं. पुष्कळदा अडचण मापाची असते.

घेणाऱ्याच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के यकृत त्याला मिळावं, असा ठोकताळा आहे. ६० किलोच्या माणसाला ४८० ग्रॅम. पोटात पाणी साचलं असेल तर ते वजन धरायचं नाही. तुकडा फारच लहान पडला, तर आतड्यांकडून पोर्टल शिरेने येणाऱ्या रक्ताचा लोंढा त्याला झेपत नाही, कावीळ वाढते, पोटात पुन्हा पाणी होतं. दुसऱ्या बाजूला दात्याकडेही ३० ते ३५ टक्के यकृत उरलंच पाहिजे.

जिवंत माणसाच्या पोटातलं यकृत तोलायचं कसं? शिरेतून औषध टोचून सीटी स्कॅन काढतात. साधारण ७० सेकंदांनी यकृत आणि त्यातल्या शिरा उजळून दिसतात. मग प्रत्येक आडव्या चित्रावर यकृताची कड आखायची. एका चित्रात क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटर आणि जाडी ५ मिलिमीटर असेल, तर तेवढ्या चकतीचं घनफळ ६० मिलिलिटर. सगळ्या चकत्यांची बेरीज म्हणजे यकृत. एक मिलिलिटर जवळपास एक ग्रॅम भरतं. मात्र पोटातलं यकृत रक्ताने भरलेलं असतं आणि काढलेला तुकडा धुऊन निथळलेला. म्हणून प्रत्यक्ष वजन सीटीच्या आकड्यापेक्षा बहुधा कमीच भरतं.

खरी कसोटी पुढेच आहे. कापायची रेघ यकृताच्या मधल्या शिरेलगत जाते. भावाभावांत शेताची वाटणी करताना नुसते एकर बघत नाहीत, पाण्याला वाट दोन्ही हिश्श्यांत आहे ना तेही बघतात. तसंच इथे आहे. घेणाऱ्याला द्यायच्या उजव्या भागाच्या पुढच्या पट्ट्यातलं बरंचसं रक्त मधल्या शिरेतूनच बाहेर पडतं. ती शीर दात्याकडे ठेवली, तर घेणाऱ्याकडे गेलेल्या त्या पट्ट्यात रक्त तुंबू शकतं. कागदावर ७०० ग्रॅम, कामाचे त्याहून कमी. त्यासाठी महत्त्वाच्या उपशिरा वेगळ्या जोडाव्या लागतात आणि त्या कुठे, केवढ्या जाडीच्या, हे आधी सीटीच सांगतो.

यकृत बिघडून कावीळ झाली की आपल्याकडे अजून काविळीची माळ घालतात. ती माळ लांबत जाते, कारण काड्या सुकून आकसतात आणि गाठी सैल पडतात. रोग तिच्यात उतरत नाही. यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

दात्याला कापलेला भाग जसाच्या तसा परत येत नाही. उरलेला भाग फुगत जातो आणि दोन-तीन महिन्यांत बरीच भरपाई होते. यकृतात चरबी असेल तर ही वाढही मंदावते. औषध न टोचता काढलेल्या साध्या सीटीत असं यकृत प्लीहेपेक्षा काळपट दिसतं. अशा दात्याला आज नकार मिळाला, तरी वजन उतरवून काही महिन्यांनी केलेल्या तपासणीत तोच दाता चालू शकतो.